शाळेचा प्रवेश आणि घराचा पत्ता

आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. आपल्या मुलास चांगल्या शाळेत जागा मिळावी म्हणून आईबाप घराचा पत्ता खोटा सांगतात. हे योग्य की अयोग्य, एवढाच तो प्रश्न. चोरी, दरोडा, लाचलुचपत यांच्या पंक्तीला कोणी त्याला बसविणार नाही. पुष्कळांना तर तो अपराधच वाटत नाही. 'लेकरासाठी केले, कोणाच्या घरावर दरोडा तर घातला नाही,' असे म्हणून माणसे मोकळी होतात. परंतु उघड गुन्ह्याविषयी समाजाचे मत ठरलेले असते. त्यावरून त्याची नीती फारशी कळत नाही. ज्या गोष्टीविषयी समाजाचे मन द्विधा असते, तिच्यावरून ती अधिक नेमकी कळते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. शिवाय चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन वनजिल्ह्यांत या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. मुंबई-पुण्याकडे या प्रश्नाची चर्चा होते तेव्हा ती धार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती कोणती, हे क्रमाने पाहू.

पत्त्याला किंमत कशी आली

पूर्वी शाळेत नाव घालताना पत्ता ही नुसती नोंद होती. मूल गावातले असे, गुरुजी त्याच्या बापाला ओळखत, आणि घर कोठे हे विचारण्याचे कारण पडत नसे. पत्त्याला किंमत आली ती मुख्यतः दोन व्यवस्थांमुळे.

पहिली व्यवस्था शिक्षणहक्क कायद्याची. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. तिला मूलभूत हक्काचे रूप यायला २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या बाराव्या कलमाने खाजगी विनाअनुदानित शाळांवर एक बंधन घातले. प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा त्यांनी शेजारच्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्या आणि त्या मुलांच्या खर्चाची भरपाई शासनाने ठरल्या दराने करावी. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी हे कलम वैध ठरविले. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

यातील 'शेजारच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. शेजार म्हणजे किती अंतर, हे महाराष्ट्राच्या नियमांनी ठरविले: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. पालक अर्ज भरतो तेव्हा त्याला आपले घर नकाशावर दाखवावे लागते. तेथून शाळेचे अंतर मोजले जाते, जवळच्यांचा विचार आधी होतो, आणि जागांपेक्षा अर्ज अधिक असले तर सोडत काढली जाते. म्हणजे नकाशावरचा ठिपका बोटभर सरकविला की मुलाचे भवितव्य बदलू शकते. ज्या दिवशी हा नियम झाला, त्याच दिवशी तो ठिपका सरकविण्याचा मोहही जन्मास आला.

या जागांचे मोल किती वाटते, हे २०२४ साली दिसले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले. पालक व संस्था न्यायालयात गेल्या, आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. त्याच वर्षी शेजारच्या नागपुरात दुसरी गोष्ट घडली. खोटे पत्ते व खोटी कागदपत्रे देऊन याच जागांवर प्रवेश घेतल्याबद्दल काही पालकांवर पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. एकाच वर्षी काही पालक या हक्कासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते आणि काही पालक त्याच हक्कासाठी पोलिसांच्या पायऱ्या चढत होते. दोघांनाही हवी होती ती जागा एकच.

दुसरी व्यवस्था जवाहर नवोदय विद्यालयांची. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही निवासी विद्यालये वाढली. प्रत्येक जिल्ह्यात एक, हे त्यांचे साधारण सूत्र. चंद्रपूर जिल्ह्याचे विद्यालय नागभीड तालुक्यात तळोधी बाळापूर येथे आहे, तर गडचिरोलीचे चामोर्शी तालुक्यात घोट येथे. सहावीत दरवर्षी जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. राहणे, जेवण, पुस्तके, शिकवणे सारे मोफत. फक्त वरच्या वर्गांत काहींकडून थोडा निधी घेतात. प्रवेश परीक्षेने होतो, आणि त्या परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येते.

येथे निवासाच्या दोन अटी आहेत. मूल त्याच जिल्ह्याचे रहिवासी असावे व पाचवीत त्याच जिल्ह्यात शिकत असावे, ही पहिली. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असाव्यात, ही दुसरी. ग्रामीण म्हणजे कोण, हेही नियमाने बारकाईने सांगितले आहे. तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण काळ ज्याने खेड्यातील मान्यताप्राप्त शाळेत काढली, तो ग्रामीण. या तीन वर्षांत जो एक दिवस जरी शहरातील शाळेत शिकला, तो शहरी. 'एक दिवस जरी' हे शब्द नियमात का आले असावेत, याचा विचार करावा. कुंपण उंच दिसले की पलीकडच्या गुरांची कल्पना येते. मुलाचे नाव खेड्यातील शाळेच्या पटावर, मूल मात्र शहरात, सकाळ-संध्याकाळ शिकवणीच्या वर्गात, ही युक्ती नियम करणाऱ्यांना अपरिचित नव्हती, एवढे त्यावरून समजावे. या युक्तीला कधी कधी शाळेचाही हातभार लागतो. पटावरील संख्येवर शिक्षकांची पदे ठरतात, म्हणून गळती लागलेल्या शाळेला कागदावरचे मूलही प्रिय होते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा अशी कागदी मुले किती मोठ्या संख्येने आहेत हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

दोन दारांचे शहर, एका दाराचे रान

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. वैनगंगेच्या अलीकडचा सावली तालुका चंद्रपूरचा राहिला आणि पलीकडचे गडचिरोली गाव नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख. तीत शंभरांतील ३५ माणसे शहरात राहणारी. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, सिमेंटचे कारखाने यांनी ही शहरे वाढविली. गडचिरोलीची लोकसंख्या सुमारे पावणेअकरा लाख. तीत शंभरांतील अवघी ११ शहरात, आणि जवळजवळ ३९ आदिवासी. जिल्ह्याचा बहुतेक भाग वनाखाली.

या आकड्यांचा आपल्या विषयाशी संबंध असा. २५ टक्क्यांचा हक्क बजावायला आधी शेजारी खाजगी शाळा असावी लागते. तुकूम किंवा बाबूपेठ येथील पालकास ती आहे. तेथे एक किलोमीटरच्या वर्तुळाला काही अर्थ आहे. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा या तालुक्यांतील बहुतेक गावांभोवती असे वर्तुळ काढले तर त्यात भातखाचर, नाला आणि रान सापडेल; फार तर जिल्हा परिषदेची एक शाळा. तेथील आदिवासी बापाने आपला पत्ता शंभर वेळा खरा सांगितला, तरी त्या खरेपणाच्या बदल्यात त्याला काही मिळत नाही. कायद्याने त्याला हक्क दिला, भूगोलाने तो परत घेतला.

मग त्याच्या मुलासाठी उरते काय? गावची शाळा, आश्रमशाळा आणि नवोदय. आश्रमशाळांत चांगल्याही आहेत. हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि पुढे तेथे उभी राहिलेली शाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण प्रत्येक खोऱ्यात हेमलकसा नाही. सरकारी खर्चाने, परीक्षेच्या जोरावर, कोणाच्या ओळखीवाचून उघडणारे दार म्हटले तर ते नवोदयचे. आणि त्या दारावर खेड्यातल्या मुलांसाठी म्हणून राखलेल्या जागा जिल्ह्यात साठच्या घरात.

आम्ही आरंभी जी धार म्हटली ती हीच. शहरातल्या मुलाला दारे अनेक आहेत: खाजगी शाळा, अनुदानित शाळा, २५ टक्क्यांची जागा, शिकवणी, आणि नवोदयच्या खुल्या जागाही. रानातल्या मुलाला दार एक. शहरातला पालक जेव्हा खेड्याचा पत्ता पांघरतो, तेव्हा आपल्या अनेक दारांत तो एकाची भर घालतो आणि दुसऱ्याचे एकुलते एक दार लावून घेतो. हे गणित डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय या प्रश्नाची नैतिक चर्चा पोकळ आहे.

आईबापांचे म्हणणे

तरीही न्याय करायचा तर आईबापांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. ते चार प्रकारचे असते.

पहिले म्हणणे असे: शाळांमधील भेद आम्ही निर्माण केला नाही. एका शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे, दुसरीत दोन गुरुजी पाच वर्ग सांभाळतात. मग चांगल्या शाळेकडे धावणाऱ्याला दोष का? या म्हणण्यात तथ्य आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा शेजारशाळेची कल्पना मांडली होती. श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एकाच शेजारच्या शाळेत जाईल, तर त्या शाळेची काळजी वजनदार माणसेही घेतील, असा तिचा आशय होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. ती कल्पना धोरणात लिहिली गेली, व्यवहारात उतरली नाही. शेजारचा नियम आला, परंतु शेजारची शाळा सगळीकडे सारखी झाली नाही. या अपुरेपणाची जबाबदारी एकट्या पालकावर टाकणे अन्याय होईल.

दुसरे म्हणणे: पैसेवाला शाळेजवळ घर घेतो, त्याला कोणी खोटा म्हणत नाही. आमच्याजवळ घर घ्यायला पैसा नाही, म्हणून आम्ही कागद घेतो. हे म्हणणे बोचणारे आहे, कारण ते खरे आहे. ज्याच्याजवळ संपत्ती आहे तो सत्याच्या मार्गानेच सोयीचा पत्ता विकत घेऊ शकतो. म्हणून गरिबाच्या खोट्याकडे आणि सुस्थिताच्या खोट्याकडे एकाच तराजूने पाहता येत नाही.

तिसरे: सगळेच करतात. याला उत्तर सोपे आहे. सगळे करीत असते तर या खोट्याचा उपयोगच उरला नसता. बहुतेक लोक खरा पत्ता सांगतात म्हणूनच खोट्या पत्त्याला किंमत येते. खोटे बोलणारा खरे बोलणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर जगतो.

चौथे: यात कोणाचे नुकसान? सरकारला एक कागद दिला, सरकारचे काय गेले? या म्हणण्यापाशी आम्हांला थोडे अधिक थांबायचे आहे.

जागा कोणाची?

सरकारचे खरोखरच काही जात नाही. ऐंशी मुले घ्यायची ती घेतली जातात. पंचवीस टक्के भरायचे ते भरले जातात. हिशेब पूर्ण जुळतो. ज्याचे जाते तो हिशेबात कोठे दिसतच नाही. खेड्यातल्या मुलांच्या साठ जागांत एक कागदी खेडूत शिरला की साठावा मुलगा एकसष्टावा होतो. तो कोण, हे कोणालाच कळत नाही. त्याच्या बापालाही कळत नाही. 'नंबर थोडक्यात हुकला,' असे त्याला वाटते, आणि बहुधा तो आपल्या पोरालाच कमी अभ्यासाबद्दल रागावतो. ज्याचे गेले त्याला गेल्याचे कळू नये आणि वर त्यानेच स्वतःला दोष द्यावा, अशी ही हानी आहे. घरफोडी झालेला मनुष्य निदान फिर्याद तरी देतो.

तेव्हा पत्त्याचे असत्य दिसते सरकारशी, पण असते ते शेजाऱ्याशी. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे सार या एका वाक्यात आहे. ज्या पालकाला आपण सरकारला फसवितो असे वाटते, त्याने आपल्यासमोर एक मूल उभे आहे अशी कल्पना करावी. कोरचीकडचे, अनवाणी, पाचवीतले. त्या मुलाच्या डोळ्यांत पाहून 'ही जागा मला हवी' असे म्हणता येत असेल तर पुढे जावे.

आणि आणखी एका मुलाचा विचार केला पाहिजे. तो म्हणजे आपला स्वतःचा. मोठ्यांचे खोटे मोठ्यांपुरते राहत असते तर गोष्ट वेगळी होती. हे खोटे मुलाच्या तोंडी द्यावे लागते. पडताळणीला कोणी आले, शाळेत बाईंनी विचारले, मित्राने 'तुझे घर कोठे' म्हटले, तर काय सांगायचे हे सहा वर्षांच्या लेकराला पढवावे लागते. मूल पाठ करते त्या पहिल्या गोष्टींत घराचा पत्ता असतो, हरवले तर परत पोचावे म्हणून. तोच पत्ता खोटा शिकविला तर त्या मुलाने घरी पोचायचे कसे? चांगली शाळा मिळावी म्हणून जे केले, त्यातच शिक्षणाचा पहिला धडा उलटा गिरविला जातो.

राहणे म्हणजे काय?

कोणी म्हणेल, मग रीतसर खोली भाड्याने घेतली, नोंदणी केली, कागद खरा केला, तर झाले ना? येथे महाभारतातील धर्मराजाची आठवण होते. अश्वत्थामा मेला असे तो मोठ्याने म्हणाला आणि हत्तीचा उल्लेख हळूच केला. शब्द खरे होते. पण द्रोणाने जे समजावे म्हणून ते उच्चारले, ते खोटे होते. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला. खोली घेऊन कुलूप लावून ठेवणे आणि भाडेपट्टा जोडणे हे याच जातीचे अर्धसत्य आहे. कागद खरा, राहणे खोटे.

मग राहणे कशाला म्हणावे? आमची कसोटी साधी आहे. चूल कोठे पेटते आणि मूल रात्री कोठे निजते? जो पालक शाळेसाठी खरोखरच बिऱ्हाड हलवितो, लहान खोलीत राहतो, दुप्पट भाडे सोसतो, त्याने असत्य केलेले नाही. त्याने त्याग केला आहे. जे मूल आजोळी वाढते, आजीच्या हातचे खाते आणि तेथूनच शाळेत जाते, ते तेथले रहिवासी आहे, हे कोणीही समंजस मनुष्य मान्य करील. नियमाला त्यासाठी आईबापांचाच कागद हवा असेल तर ती नियमाची अडचण. तिची दाद उघडपणे मागावी, लपवाछपवी करू नये.

ही कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावली पाहिजे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून शेकडो कुटुंबे धानकापणीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पुढे तेंदूपानाचा हंगाम. पडताळणीला येणाऱ्यास त्यांच्या दाराला कडी दिसते. त्यांच्या हाती भाडेपट्टा नसतो, वीजबिल असलेच तर आजोबांच्या नावाचे असते. तरी त्यांचे घर तेच आहे, चार पिढ्यांचे. एका बाजूस दार बंद पण राहणे खरे, दुसऱ्या बाजूस कागद पक्का पण राहणे खोटे. पडताळणी केवळ कागदावर चालली तर ती पहिल्याला अडविते आणि दुसऱ्याला सोडते. मूळ कायद्याला हे अभिप्रेत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारू नये, मागील शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवू नये, असे त्याच कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. कागदापेक्षा मूल मोठे, हा त्याचा भाव आहे.

पाळत आणि शिक्षा

मग कठोर शिक्षा केली तर हे थांबेल काय? परदेशांनी तो मार्ग चोखाळून पाहिला आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात एका आईने आपल्या दोन मुलींना वडिलांच्या पत्त्यावर चांगल्या शाळेत घातले. २०११ साली तिला त्यासाठी तुरुंगात काही दिवस काढावे लागले. लोकांत एवढा क्षोभ झाला की त्याच वर्षी राज्याच्या गव्हर्नरने तिचा गुन्हा सौम्य केला. इंग्लंडमध्ये पूल येथील नगरपालिकेने २००८ साली एका कुटुंबावर सुमारे तीन आठवडे गुप्त पाळत ठेवली. मोठ्या गुन्ह्यांसाठी दिलेला अधिकार तिने शाळेच्या हद्दीसाठी वापरला. चौकशीअंती कुटुंब खरे बोलत होते असे निघाले, आणि २०१० साली न्यायाधिकरणाने ती पाळत बेकायदा ठरविली.

या दोन उदाहरणांवरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, शिक्षा ज्याच्या त्याच्या दोषाच्या मापाने असावी. खोटे दाखले विकणारा दलाल पहिला अपराधी. तो दुसऱ्याच्या मायेचा बाजार मांडतो. हाती अनेक मार्ग असताना गरिबाच्या जागेवर नाव घालणारा सुस्थित पालक दुसरा. मोडक्या शाळेतून मुलाला सोडवू पाहणारी धुणीभांडी करणारी आई शेवटची. तिचे कृत्य आम्ही योग्य म्हणणार नाही, पण तिला बेड्या घालून कोणत्याही शाळेचे छप्पर दुरुस्त होणार नाही. खोटी जागा काढून ती प्रतीक्षायादीतील मुलाला मिळावी, हा खरा न्याय. आणि शिक्षा कोणतीही असो, ती मुलाच्या शिकण्यावर पडू नये. त्याला आपल्या खऱ्या पत्त्यावरची शाळा त्याच दिवशी मिळाली पाहिजे.

खरे बोलणे स्वस्त व्हावे

आतापर्यंत आम्ही पालकांविषयी बोललो. आता, श्रोतेहो, थोडे आपणांविषयी. या सभेत घरमालक पुष्कळ असतील. चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत खोली भाड्याने घेऊन राहणारा मजूर, चालक, दुकानातला नोकर आपला खरा पत्ता सिद्ध करायला निघतो तेव्हा त्याच्याकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. तो करार निदान अकरा महिन्यांचा आणि अर्जाच्या आधीचा असावा लागतो. तो तोंडी बोलीवर राहत असतो. करार करून द्या म्हटले तर मालक टाळतो. कर वाढेल, भाडेकरू हक्क सांगेल, नोंदणीचा खर्च कोण करील, अशी कारणे. वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे, आणि ती न पाळणे हा दंडनीय अपराध आहे.

याचा परिणाम पाहा. जो खरोखर शाळेशेजारी राहतो त्याच्याजवळ कागद नाही, म्हणून त्याचा अर्ज बाद. जो राहत नाही तो दलालाकडून कागद आणतो, म्हणून त्याचा अर्ज मंजूर. म्हणजे खोट्या पत्त्याला आपण व्यासपीठावरून नावे ठेवतो, आणि घरी जाऊन खऱ्या पत्त्याला कागद नाकारतो. जेथे खरे बोलणे महाग आणि खोटे बोलणे स्वस्त, तेथे नीतीची व्याख्याने कितीही झाली तरी बाजारभाव बदलत नाही. तेव्हा पहिले काम हे, की ज्याच्या घरात भाडेकरू आहे त्याने या उन्हाळ्यात तो करार नोंदवून द्यावा. त्यात दानधर्म नाही. नुसते कायद्याचे पालन आहे.

दुसरे काम शाळेचे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीचे. पुष्कळ ठिकाणी ही समिती सहीपुरती उरते. ज्या पालकांजवळ चार अधिकाऱ्यांशी बोलण्याची हिंमत आहे, नियम वाचण्याची अक्कल आहे, तेच नेमके पत्ता बदलून दुसरीकडे जातात. आणि मागे राहतात ते ज्यांना बोलता येत नाही. मुलाच्या नावाबरोबर त्या शाळेचा एक वकीलही निघून जातो. खोटा पत्ता जमविण्यात जितकी धडपड होते, तितकी चार पालकांनी मिळून आपल्या खऱ्या पत्त्यावरच्या शाळेसाठी केली, तर एक रिकामे शिक्षकपद भरून घेणे अशक्य नाही.

तिसरे काम सर्वांत सोपे. अर्ज भरण्याच्या दिवसांत आपल्या आळीतील, आपल्या घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलाचा अर्ज भरून द्यावा. तिला नकाशावर ठिपका लावता येत नाही, आपणांस येतो. ज्या कसबाने काही जण ठिपका सरकवितात, त्याच कसबाने दुसऱ्याचा ठिपका जागच्या जागी लावून देता येतो.

पत्ता खोटा सांगावा की न सांगावा, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे: सांगू नये, कारण त्याची किंमत आपण भरीत नाही, आपल्याला न दिसणारे एक मूल भरते. परंतु जो समाज असे म्हणतो त्याने त्याबरोबर दुसरेही एक वचन दिले पाहिजे, की भामरागड असो वा बाबूपेठ, खरा पत्ता सांगणाऱ्याचे मूल त्याच्या खरेपणामुळे मागे राहणार नाही. पहिली अपेक्षा आपण पालकांकडून आजच करतो. दुसरे वचन अजून दिलेले नाही. ते देणे पालकांच्या हाती नाही, आपल्या हाती आहे.